नांगर एकट्याने सुधारत नाही

कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हमखास ऐकायला मिळणारी एक तक्रार आहे. तीस वर्षं फाउंड्रीत काढलेले मिस्त्री निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं आणि महिन्याभरात रिजेक्शन वाढायला लागतं. भट्टी तीच, बीड तेच, पॅटर्नही तेच. तापमान किती, मिश्रण कसं, ओतकाम किती वेळात, हे सगळं फायलीत लिहिलेलं असतं. तरीही कास्टिंगमध्ये बारीक पोकळ्या निघतात. मग मिस्त्रींबरोबर नेमकं गेलं काय?

उत्तर बहुधा मातीत सापडतं. साच्याच्या मातीत पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड आत शिरताना त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते आणि पोकळी राहते. फाउंड्रीतले लोक तिला ब्लोहोल म्हणतात. पाणी किती टक्के असावं हे फायलीत असतं. पण पावसाळ्यात आलेली माती, चार वेळा वापरून झालेली माती आणि नवी माती यांची वागणूक वेगवेगळी. मिस्त्री मूठभर माती हातात दाबून, मोडून बघत आणि ‘अजून थोडी फिरवा’ म्हणत. कोणीही ते लिहून ठेवलं नव्हतं, कारण मिस्त्रींनाही ते लिहिण्याजोगं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

कंपनीत नवं काही कसं घडतं, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी लागते. कारखान्याला लागणारं ज्ञान एका डोक्यात किंवा एका कपाटात कधीच नसतं. थोडं कामगाराच्या हातात असतं, थोडं गिऱ्हाइकाच्या तक्रारीत, थोडं सुटे भाग पुरवणाऱ्याकडे, थोडं परदेशातल्या भागीदाराच्या ड्रॉइंगमध्ये. हे तुकडे एकत्र आले की नवी वस्तू जन्मते. ते का आणि कसे एकत्र येतात हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात त्याचा एक फार चांगला दाखला आहे.

सायकल विकणं आणि सायकल शिकवणं

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. या काळात ते मुंबईहून सायकली बेळगावला धाडत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा तिथे त्या विकत. १८८८मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चा आरंभ असा सायकलीच्या दुकानातून झाला. सायकल घेणाऱ्याला ती चालवायलाही ते शिकवत, आणि त्याचे १५ रुपये वेगळे घेत.

या १५ रुपयांत ज्ञानाचे दोन प्रकार उघड दिसतात. सायकलचे भाग कोणते, साखळी कशी बसवायची, हे कागदावर लिहून देता येतं. याला उघड ज्ञान म्हणू. तोल कसा सावरायचा हे मात्र कितीही पानं लिहिली तरी कळत नाही. मागून कोणीतरी सीट धरून पळावंच लागतं. हे अंगवळणी पडलेलं ज्ञान. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६मध्ये या दुसऱ्या प्रकाराकडे जगाचं लक्ष वेधलं. माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला सांगता येत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता.

नवी वस्तू घडवताना हा फरक किती महागात पडतो, हे जपानच्या मात्सुशिता कंपनीने अनुभवलं. १९८०च्या दशकात तिचे इंजिनियर घरगुती पाव भाजण्याचं यंत्र बनवत होते. पाव वरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. त्यांनी चांगल्या बेकरीतली कणीक आणि आपल्या यंत्रातली कणीक यांचे क्ष-किरण काढून पाहिले, तरी कारण सापडेना. शेवटी इकुको तानाका ही त्यांच्या चमूतली सॉफ्टवेअर लिहिणारी बाई ओसाकातल्या एका नावाजलेल्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला गेली. तिच्या लक्षात आलं की तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पिळतोही. त्याने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मग यंत्राच्या भांड्याला आतून कंगोरे बसवले गेले आणि १९८७मध्ये ते यंत्र बाजारात आलं. हाताचं ज्ञान आधी दुसऱ्या हाताने घेतलं, मग त्याला शब्द मिळाले आणि त्यानंतर त्याचं लोखंड झालं. नव्या वस्तूचा प्रवास बहुतेक वेळा याच क्रमाने होतो.

शेतकऱ्याचं ‘नको’ हीसुद्धा माहितीच

नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर खपेना. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असं शेतकरी म्हणत.

ही गोष्ट सांगताना आपण शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार बनवी आणि मोडला तर बलुत्यात दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचे मुख्य भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड गावच्या लोहाराच्या कामाचं नाही. तापवून घण घातला की ते वाकत नाही, तडकतं. ऐन हंगामात फाळ मोडला तर शेतकऱ्याने जायचं कुठे? विषाच्या समजुतीखाली हा व्यवहारातला प्रश्नही होता, आणि तो नांगर बनवणाऱ्याला ऐकू येणं गरजेचं होतं. फाळ वेगळा काढता यावा, दुसरा बसवता यावा, सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळावा, या गोष्टी ड्रॉइंगच्या टेबलावर बसून सुचत नाहीत. त्या बांधावर कळतात.

फाळाचा आणखी एक पेच आहे. तो मऊ असला तर काळ्या, खडे असलेल्या जमिनीत झिजतो. कठीण केला तर दगडाला लागून तुटतो. यावर ओतारी लोकांची एक जुनी युक्ती आहे. साच्यात जिथे धार यायची तिथे लोखंडाचा थंड तुकडा ठेवायचा. वितळलेलं बीड त्याला टेकताच झटकन गोठतं. झटकन गोठलेल्या बिडात कार्बन लोखंडाशी बांधलेलाच राहतो आणि तो भाग अतिशय कठीण होतो. बाकीचा भाग सावकाश निवतो, त्यातला कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो आणि तो भाग तुलनेने धक्का सोसणारा राहतो. एकाच तुकड्यात धार कठीण आणि अंग दमदार! आता पाहा, ‘इथे झिजतो, तिथे तुटतो’ हे फक्त शेतकऱ्याला माहीत आणि थंड तुकड्याची युक्ती फक्त ओताऱ्याला. दोघांची गाठच पडली नाही तर दोन्ही ज्ञान आपापल्या जागी वाया जातं.

लोखंडी नांगराचा फायदाही अखेर शेतातच सिद्ध झाला. तो खोल जातो, ढेकूळ उलटं टाकतो आणि हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या वर आणतो. हरळीने गांजलेल्या शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या रानातलं नांगरलेलं वावर जे पटवून देतं, ते कोणतीही जाहिरात देत नाही.

> चौकट : तीन शब्द, एका नजरेत
> *उघड ज्ञान* : लिहून, मोजून, ड्रॉइंग काढून देता येतं. पटकन पसरतं, आणि पटकन चोरीलाही जातं.
> *अंगवळणी पडलेलं ज्ञान* : बरोबर काम करूनच मिळतं. सावकाश पसरतं, माणूस गेला की जातं.
> *पचवण्याची ताकद* : बाहेरून आलेलं ज्ञान ओळखून, समजून, आपल्या कामाला लावण्याची कंपनीची क्षमता. ती विकत मिळत नाही.

वाडीत ज्ञान पायी चालत असे

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. निवडुंग माजलेल्या आणि साप असलेल्या त्या माळावर १९१०च्या मार्चमध्ये पंचवीसएक कामगार कुटुंबकबिल्यासह येऊन राहिले. तीच किर्लोस्करवाडी.

तिथल्या माणसांची यादी मोठी बोलकी आहे. यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकर पाहत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत आणि रामुअण्णा वसाहतीचा कारभार बघत. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे वसाहतीचे राखणदार झाले. पदवीवरून माणूस जोखायचा नाही, ही तिथली रीत होती.

अशा ठिकाणी कल्पना लवकर रुजतात याचं कारण भावनिक नाही, अगदी हिशेबी आहे. प्रत्येक प्रश्न विचारण्याला एक किंमत असते. कोणाला माहीत असेल ते शोधायचं, त्याच्यापर्यंत पोचायचं, आपलं अज्ञान उघडं करायचं, तो चिडेल का याचा अंदाज घ्यायचा. ही किंमत जास्त असेल तर माणूस प्रश्न गिळतो आणि जमेल तसं काम उरकतो. वाडीत ओतारी, सुतार, फिटर आणि मालक शेजारी राहत. संध्याकाळी ओट्यावर बसून विचारलेल्या प्रश्नाला फारशी किंमत पडत नाही. पदाची उतरंड जितकी कमी तितका प्रश्न स्वस्त.

पण विक्रेते आणि शेतकरी तर दूरवर पसरलेले. त्यांच्यापर्यंत पोचायला छापील कागद हवा. १९२०मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखाना, विक्रेते आणि गिऱ्हाईक यांच्यातला दुवा म्हणून निघालेलं हे पत्रक पुढे मराठीतलं एक प्रमुख मासिक झालं आणि १९३०मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं. आपण या मासिकांकडे साहित्याच्या अंगाने पाहतो, ते योग्यच आहे. पण नांगर विकणाऱ्या कंपनीला मासिक काढावंसं वाटलं, यातली उद्योगाची समजही तेवढीच मोठी होती असं मला वाटतं. गिऱ्हाइकाशी सतत बोलत राहणं हा तिला धंद्याचाच भाग वाटला.

घरचं ज्ञान पुरत नाही तेव्हा

एकत्र राहणाऱ्यांचा एक धोकाही असतो. वीस वर्षांत सगळ्यांना सगळं कळून चुकतं आणि मग सगळे सारखाच विचार करू लागतात. नवं काही बाहेरूनच आणावं लागतं.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्र-अभियांत्रिकी शिकून १९२६मध्ये परतले. पुढे कंपनीचं काम पंप, यंत्रहत्यारं, इंजिनं असं वाढत गेलं. १९४१मध्ये हरिहरला यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला, १९४६मध्ये पुण्यात ब्रिटिश सहकार्याने किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, आणि १९६२मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीशी भागीदारी करून कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स.

इथे वाचकाला प्रश्न पडेल. भागीदाराकडून ड्रॉइंग आली, यंत्रं आली, तर मग अडतं कुठे? अडतं ते ड्रॉइंगमध्ये न लिहिलेल्या गोष्टींवर. परदेशी कंपनीचे पुरवठादार वर्षानुवर्षं तिच्यासोबत काम करत असतात. अमुक कास्टिंग म्हटलं की त्याची माती कशी, तपासणी कशी, हे त्यांना न सांगता कळतं. ते ड्रॉइंग इथल्या पुरवठादाराच्या हाती पडलं की त्याला अक्षरं दिसतात, त्यामागची रीत दिसत नाही. जॅक बॅरन्सन या अर्थतज्ज्ञाने १९६७मध्ये कमिन्सच्या भारतातल्या या अनुभवावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. इंजिन इथे बनवणं म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांना तयार करणं, हाच त्यातला कळीचा प्रश्न होता.

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल या अभ्यासकांनी १९९०मध्ये बाहेरचं ज्ञान पचवण्याच्या या ताकदीला नाव दिलं आणि तिचा उगमही दाखवला. बाहेरचं ज्ञान तीच कंपनी पचवते जिने त्या विषयात आधी स्वतः हात काळे केलेले असतात. नांगराचं बीड ओतताना चुकलेल्या माणसाला इंजिनाच्या कास्टिंगची ड्रॉइंग वाचता येतात, कारण कुठे काय बिघडेल हे त्याला ठाऊक असतं. म्हणून ‘संशोधनावर खर्च कशाला, तंत्रज्ञान विकत घेऊ’ हा हिशेब फसतो. घेतलेलं समजायलाही घरचं संशोधन लागतं.

पुरवठादारांना तयार करण्याच्या कामात टोयोटाने घालून दिलेली पद्धत आजही जगभर अभ्यासली जाते. १९४३पासून तिच्या पुरवठादारांची संघटना आहे. पुरवठादारांचे छोटे गट एकमेकांच्या कारखान्यात जातात, तिथला एखादा प्रश्न सोडवतात आणि पुढच्या कारखान्यात जातात. एकाच वस्तूत थेट स्पर्धा करणारे दोघे शक्यतो एका गटात ठेवत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मदत करून पुरवठादाराचा खर्च कमी झाला की दुसऱ्या दिवशी दर पाडून मागायचे नाहीत. जेफ्री डायर आणि केंटारो नोबेओका यांनी २०००मध्ये या व्यवस्थेवर लिहिलेला निबंध कोणाही उद्योजकाने वाचावा असा आहे. १९९७मध्ये याच टोयोटाने भारतात मोटारी बनवण्यासाठी किर्लोस्करांशी भागीदारी केली.

निशातगंजचा कुर्ता काय सांगतो

ज्ञान एकाच दिशेने वाहिलं तर काय होतं, हे पाहायला लखनौला जाऊ. गोमतीचा पूल ओलांडून निशातगंजला गेलात काय, अमीनाबादेत किंवा जुन्या चौकात हिंडलात काय, चिकनचा कुर्ता सहज मिळतो. तो एका माणसाने केलेला नसतो. व्यापारी कापड देतो, शिंपी बेततो, छिपी लाकडी ठशांनी धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगात नक्षी उमटवतो. मग ते कापड दलालामार्फत शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांच्या घरी जातं. टेपची, बखिया, फंदा, मुर्री, जाली असे टाके, त्यातही काहींचे हात ठरावीक टाक्यांत बसलेले. भरतकाम झालं की धोबी ती निळाई धुऊन काढतो आणि कुर्ता दुकानात येतो.

या साखळीत कौशल्य अफाट आहे. पण गिऱ्हाईक काय म्हणालं हे भरतकाम करणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. पुष्कळदा धुऊन, इस्त्री होऊन तयार झालेलं आपलंच काम तिला दिसत नाही. नवा टाका सुचला तर तो कोणाला दाखवायचा? दलालाला नगांशी मतलब. नगावर मजुरी मिळत असेल तर बारीक मुर्रीपेक्षा भरभर होणारा मोठा टाका परवडतो. बाजारात भरड काम वाढतं ते बायकांचं कसब कमी झालं म्हणून नव्हे, तर कसबाला परतीचा रस्ता नाही म्हणून.

१९८४मध्ये रूना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौत सेवा ही संस्था उभी केली, तेव्हा बदल नेमका इथे झाला. काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, मजुरी दलालाशिवाय हातात येऊ लागली, प्रदर्शनांतून गिऱ्हाईक समोर दिसू लागलं आणि बारीक कामाला पुन्हा मागणी आली. २००८मध्ये लखनवी चिकनला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याने नावाचं रक्षण होतं. मात्र टाका सुधारायला बाई आणि गिऱ्हाईक यांच्यातला रस्ता मोकळा असावा लागतो.

लोक सांगत का नाहीत?

कामगार ज्ञान दडवतात, अशी मालकांची तक्रार असते. ती खरीही आहे. पण त्यामागे स्वभाव नसतो, अनुभव असतो. एका टर्नरने जॉब लवकर उरकण्याची युक्ती सुपरवायझरला दाखवली आणि पुढच्या महिन्यात नगाचा दर खाली आला, तर त्या शेडमधला एकही माणूस पुन्हा काही दाखवणार नाही. पुरवठादाराचंही तसंच. त्याने खर्च कमी करण्याची वाट सांगितली आणि खरेदी विभागाने लगेच भाव पाडले, तर पुढची वाट तो स्वतःपाशी ठेवतो. वयस्कर मिस्त्रीला वाटतं, पोराला सगळं शिकवलं की उद्या आपली गरज काय?

ज्ञान स्पर्धकाला फुटण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त असते. एरिक फॉन हिपेल यांनी १९८७मध्ये अमेरिकेतल्या छोट्या पोलाद कारखान्यांचा अभ्यास मांडला. स्पर्धक कंपन्यांचे इंजिनियर एकमेकांना फोन करून अडचणी विचारत होते आणि उत्तरंही देत होते. मात्र त्यात एक चोख हिशेब होता. जो देतो त्यालाच मिळतं, आणि धंद्याच्या गाभ्याचं गुपित कोणी देत नाही. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांनी १९७५मध्ये मांजरीला मिळून संशोधन संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसासाठी एकमेकांशी ओढाताण करणारे कारखाने बियाणं, माती आणि यंत्रं यांच्या ज्ञानासाठी एकत्र आले. कुठे स्पर्धा करायची आणि कुठे वाटून घ्यायचं, हे ठरवता येतं याचा तो चालता पुरावा आहे.

शिरोली, इचलकरंजी, सातपूर, चिंचवड इथल्या लहान कारखानदारांना माझी एक विनंती आहे. सूचनापेटी भिंतीवर लावण्याआधी एक नियम लिहून तिच्याशेजारी लावा. कामगाराच्या किंवा पुरवठादाराच्या सूचनेतून जी बचत होईल तिच्यामुळे निदान वर्षभर कोणाचाही दर कमी होणार नाही, आणि बचतीतला ठरलेला हिस्सा सूचना देणाऱ्याच्या खात्यात जमा होईल. खाली तुमची सही करा, आणि पहिली सूचना आली की तो हिस्सा त्याच महिन्याच्या पगारात द्या.